चढणीच्या वाटेवर भिंत

पहिल्या पावसात उलट्या प्रवाहात उड्या मारणाऱ्या माशांची रील तुम्ही पाहिली असेल, लाइकही केली असेल. पण ते मासे निघालेले असतात कुठे? आणि वाटेत धरण आलं तर?

जूनचा दुसरा आठवडा. पहिला दणदणीत पाऊस होऊन गेलेला असतो आणि कोकणातल्या एखाद्या मित्राच्या स्टेटसवर व्हिडिओ येतो. रात्रीची वेळ, हातात बॅटरी, गुडघाभर गढूळ पाणी. भाताच्या खाचरातून ओढ्याकडे पाणी धावतंय आणि त्याच्या बरोबर उलट्या दिशेने मासे निघालेत. कुणी जाळं लावलंय, कुणी टोपली घेऊनच बसलंय, मागून कुणाची तरी आई ओरडतेय, ‘अरे, पायाखाली बघ, विंचूकाटा असेल!’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-पालघरकडे वलगणीचे. रील भारी चालते. खाली शंभर कमेंट असतात, त्यातल्या नव्वद रश्श्याबद्दलच्या.

एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे मासे चाललेत कुठे?

उत्तर सोपं आहे. वर चाललेत, अंडी घालायला. वर पाणी उथळ आणि ताजं असतं, पिल्लांना खायला भरपूर असतं आणि त्यांना गिळणारे मोठे मासे कमी असतात. माशाकडे कॅलेंडर नसतं. पाण्याचा रंग बदलला, गारवा आला, वेग वाढला की त्याला कळतं, निघायचं. कुणी ओढ्यातून शेजारच्या खाचरात जातं, तर कुणी नदीच्या मुखाकडून थेट उगमाकडे सरकतं. जाळ्यात आलेल्या माशाच्या पोटात गाबोळी निघते ती म्हणूनच. पुढच्या वर्षीची नदी तिच्या पोटात असते.

आता तुम्ही त्या माशाच्या जागी आहात असं समजा. वर्षभर ज्या पुराची वाट पाहिली, तो आलाय. तुम्ही निघालात. वळणं घेतलीत, खडकांवरून उड्या मारल्यात आणि समोर भिंत. शंभर फूट उंच, सिमेंटची. परत फिरायला कुठे जागा ठेवलेली नाही, कारण परत फिरणं तुमच्या अंगातच नाही.

देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. दोन हजारांहून जास्त. हा लेख धरणांना शिव्या घालण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी तुम्ही ज्या पाण्याने दात घासलेत, ते बहुधा धरणातलंच होतं. तुमच्या ताटातल्या भाजीचं आणि मोबाइलच्या चार्जिंगचंही तेच. प्रश्न वेगळा आहे. त्या पाण्यात आपल्या आधी कोण राहत होतं, आणि आपण अडवलेल्या वाटेची काही भरपाई त्यांना देणं लागतो का?

आजोबांची भाषा, जगाचं पुस्तक

एक छोटी परीक्षा घेऊ. महाराष्ट्रातल्या नद्यांमधल्या पाच माशांची नावं सांगा.

रोहू? मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. कटला? तोही तिकडचाच. मृगळ? तोसुद्धा. हे तिघं आपल्या तलावांत आणि धरणांत सोडले गेले म्हणून आपल्याला माहीत आहेत. पापलेट समुद्रातलं. २०२३ मध्ये राज्याने आपला ‘राज्य मासा’ जाहीर केला, तो रूपेरी पापलेट. नदीच्या माशांच्या वाट्याला तिथेही काही आलं नाही.

म्हणून ही गोष्ट ऐका. विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरत होता. सरकारसाठी आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम, पण माणूस भलताच चौकस. पक्षी, प्राणी, मासे, जे दिसेल त्याची नोंद. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांमधले मासे त्याने पाहिले, मोजले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं लंडनला प्रसिद्ध केली. त्यात अनेक मासे विज्ञानाला नवे होते. नव्या माशाला नाव द्यायचं तर लॅटिन-ग्रीक धुंडाळायची पद्धत होती. साइक्सने बऱ्याचदा सोपा मार्ग धरला. इथले लोक त्या माशाला काय म्हणतात, ते कानावर पडलं तसं लिहून टाकलं.

त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात, टोकियोत असो की साओ पावलोत, आपल्या मळ्या माशाला ‘गारा मुल्या’च लिहावं लागतं. शिंगटी झाली ‘मिस्टस सींगटी’. कोळस झाला ‘हिप्सेलोबार्बस कोलस’. मुरे झाला ‘पॅराकँथोकोबायटिस मूरेह’. पुढे आलेल्या विचित्र थुंतरीचा नुक्ता ‘शिस्मॅटोरिंकॉस नुक्ता’ म्हणून पुस्तकात गेला. आणि या सगळ्यांतला राजा, दख्खनचा महसीर, झाला ‘टॉर खुद्री’. खुद्री हे साइक्सने ऐकलेलं नाव. त्यालाच कुठे खडशी, कुठे खडची म्हणतात.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. कृष्णेच्या खोऱ्यात एक छोटा मासा आहे, जो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. १९५२ मध्ये मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘खवलचोर’. आजही त्याचं शास्त्रीय नाव तेच आहे. एखाद्या व्हिलनला याहून चांगलं नाव मिळालं असतं का?

पुस्तकात ही नावं पक्की बसली आहेत. आपल्या तोंडातून मात्र ती गेली. साइक्सने खुद्रीचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या भागातल्या एखाद्या पुलावर उभे राहा. जलपर्णी दिसेल, फेस दिसेल, नाकाला रुमाल लावावा लागेल. स्वच्छ, खळाळत्या पाण्याशिवाय ज्याचं भागत नाही, अशा माशाचा जगाला पहिला पत्ता तो होता.

धरण म्हणजे माशासाठी नेमकं काय?

सगळ्यात आधी भिंत. ती तर दिसतेच. तिचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो अहीर या लांबलचक, सापासारख्या दिसणाऱ्या माशाला. त्याची रीत बाकीच्यांच्या उलटी. जन्म खोल समुद्रात, मग काडीएवढी पिल्लं नदीच्या मुखातून आत शिरतात, वर चढतात, कित्येक वर्षं नदीत वाढतात आणि शेवटी अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातात. जाताना एक भिंत, येताना तीच भिंत. गंगेवर फरक्का बराज १९७५ मध्ये सुरू झाला, त्याआधी बंगालच्या उपसागरातली हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला, पार अलाहाबादच्याही वर जायची. नंतर ती वाट जवळपास बंदच झाली.

दुसरं, नदीचं तळं होतं. आपल्याला दोन्हीकडे पाणीच दिसतं, पण माशाच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत. मळ्याच्या हनुवटीखाली एक चकतीसारखा भाग असतो, त्याने तो वेगवान पाण्यात खडकाला चिकटून राहतो. पाणीच थांबलं तर त्या चकतीचं करायचं काय? महसीरला अंडी घालायला गोट्यांचा, वाळूचा तळ आणि त्यावरून वाहणारं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. धरणाच्या वर त्या गोट्यांवर गाळ बसतो. खाली वाळू यायची थांबते, आणि जी उरलेली असते ती ट्रकमधून जाते.

तिसरं, पाण्याची वेळ. कोलाडला राफ्टिंगला गेला आहात? तिथे सकाळी लवकर पोहोचा असं का सांगतात, माहीत आहे? कुंडलिकेतलं ते खळाळतं पाणी वीजघरातून येतं. मुळशी धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणजे जे पाणी पूर्वेला भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणार होतं, ते वळून अरबी समुद्राकडे निघतं. सोडलं की नदी भरते, थांबवलं की ओसरते. आपल्याला थ्रिल मिळतं. पण कुठल्याही नदीत दिवसातून एकदा फुगणारं-ओसरणारं पाणी म्हणजे अंड्यांसाठी आणि काठावरच्या पिल्लांसाठी जुगार असतो. सकाळी जिथे पाणी होतं, तिथे संध्याकाळी उघडे दगड. शिवाय मोठ्या धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी थंड आणि कमी प्राणवायूचं असू शकतं. पावसाची चाहूल ज्या पाण्याच्या गारव्यावरून आणि वेगावरून लागायची, तीच खूण बिघडते.

चौथं, पाहुणे. थांबलेल्या पाण्यात मूळ नदीचे मासे रमत नाहीत, पण काही बाहेरचे मस्त रमतात. उजनीच्या काठावर जाऊन ‘चिलापी’ विचारा, लगेच ताटात येईल. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा, भारतात १९५२ मध्ये आणलेला. याला ना गोटे लागतात, ना वाहतं पाणी. अनेक तिलापियांची मादी अंडी चक्क तोंडात सांभाळते. धरणाने नदी बदलली आणि बदललेल्या परीक्षेत हा पहिला आला. त्यावर काठावरच्या कित्येक मच्छीमारांची घरं चालतात, त्यामुळे चिलापीला नुसतं खलनायक ठरवूनही चालणार नाही. पण शिंगटी आणि कोळसाची जागा कुणी घेतली, हे माहीत असायला हवं.

दोष एकट्या धरणाचा नाही. सांडपाणी, वाळूउपसा, सुरुंग लावून किंवा विष टाकून केलेली मासेमारी, सगळ्यांनी मिळून हे केलंय. पण नदीची तब्येत धडधाकट असती तर तिने यातलं बरंच पचवलं असतं. धरणाने तिची ताकदच कमी केली. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. जगभरातल्या गोड्या पाण्यातल्या स्थलांतर करणाऱ्या माशांच्या ज्या संख्यांवर अभ्यासक लक्ष ठेवून आहेत, त्यांत १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्के घट झाल्याचं २०२४ चा एक आंतरराष्ट्रीय अहवाल सांगतो.

लोणावळ्याची बोटुकली

पावसाळ्यात लोणावळ्याला गेलात की भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून मक्याचं कणीस खाणं हा ठरलेला कार्यक्रम. तिथून थोड्या अंतरावर वळवणचं धरण आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोणावळा परिसरात तलाव बांधले. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. या तलावांत महसीर होता. पण त्याची संख्या घटते आहे, हे काही लोकांच्या लक्षात आलं.

ते कुलकर्णी आठवतात, खवलचोरचं बारसं करणारे? तेच इथे पुन्हा भेटतात. १९७० च्या सुमारास त्यांनी आणि पुढे एस. एन. ओगले यांनी लोणावळ्यात महसीरची पिल्लं माणसाच्या देखरेखीखाली तयार करण्याचं तंत्र बसवलं. पावसाळ्यात तयार मादी पकडायची, पोटावर हलकेच दाब देऊन अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी ठेवायची. पिल्लं बाहेर आली की त्यांना जपायचं. आधी जिऱ्याएवढी, म्हणून मत्स्यजिरे, मग बोटाएवढी झाली की बोटुकली. नदीतला, मनाचा राजा असलेला मासा हौदात वाढवता येतो, हे तेव्हा मोठंच पाऊल होतं.

इथून लाखो बोटुकली देशभरातल्या नद्या-तलावांत गेली. ज्या माशाला धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत टाकलं होतं, तो टॉर खुद्री अलीकडच्या मूल्यांकनात त्या यादीतून बाहेर आला. सिनेमा असता तर इथे ‘समाप्त’ची पाटी लागली असती.

पण नद्यांची गोष्ट इतकी सरळ नसते.

कावेरीत काय झालं?

कावेरीत एक वेगळा महसीर आहे. पाठीवर मोठं कुबड, पंखांवर नारिंगी झाक, आकाराने राक्षस. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. हौशी मासेमारांच्या जगात या कुबडवाल्याचं नाव मोठं होतं. परदेशातून लोक त्याच्यासाठी यायचे. कावेरीवर धरणं आली, इतर त्रासही वाढले, मासे कमी होऊ लागले. तेव्हा चांगल्या हेतूने एक उपाय झाला. लोणावळ्याच्या खुद्रीची पिल्लं कावेरीत सोडण्यात आली. महसीर कमी झालेत ना, मग महसीर सोडा!

एक महसीर म्हणजे दुसरा महसीर नव्हे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. निळसर पंखांची खुद्री कावेरीत चांगलीच रुजली. कावेरीकाठच्या मासेमारी कॅम्पमध्ये गळाला लागलेल्या प्रत्येक माशाची वही ठेवलेली होती. त्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी नंतर तपासल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. खुद्री वाढत गेली, कुबडवाला कोसळत गेला. त्यातही जे थोडे कुबडवाले मिळत होते, ते वजनाला मोठे होत चालले होते. वरवर ही चांगली बातमी वाटते. नीट विचार केला तर भयंकर आहे. लहान मासे नव्हतेच. म्हणजे म्हातारी माणसं उरलेल्या गावासारखी अवस्था, जिथे शाळा केव्हाच बंद पडली आहे.

आणि आता नावाचा मुद्दा पुन्हा येतो. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याला शास्त्रीय नाव कुठलं, यावरच एकमत नव्हतं. नाव नक्की नाही म्हणून धोक्याच्या यादीत जागा नाही, यादीत नाही म्हणून संरक्षणाचा आग्रह नाही. अखेर २०१८ मध्ये ठरलं की केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. नाव मिळालं आणि पाठोपाठ शिक्काही, ‘अतिसंकटग्रस्त’. नामशेष होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी. आज तमिळनाडूतल्या मोयार नदीसारख्या मोजक्या ठिकाणीच तो तग धरून आहे.

यात लोणावळ्याची मेहनत खोटी ठरत नाही. पिल्लं तयार करण्याचं तंत्र आज कुबडवाल्यालाही कामी येऊ शकतं. धडा एवढाच आहे की मासा वाचवणं म्हणजे बादलीतून मासे ओतणं नव्हे. कुठल्या नदीत कुठला मासा, हे आधी ओळखावं लागतं. आणि ज्या कारणाने तो गेला ते कारण तसंच ठेवून नुसती बोटुकली सोडली, तर ती गळक्या टाकीत पाणी भरण्यासारखी गत होते.

देवाचे डोह

मग माशाला खरंच काय लागतं? याचं उत्तर आपल्याच गावांत, देवळांच्या पायथ्याशी आहे.

रायगडाच्या परिसरात भटकंती करणाऱ्यांना वाळणकोंड माहीत असेल. महाड तालुक्यात काळ नदीने खडक कोरून केलेला खोल डोह, वर झुलता पूल आणि काठाशी देवीचं स्थान. पाण्यात चुरमुरे टाकले की काळपट, रांगडे मासे एकमेकांच्या अंगावरून उसळतात. ते महसीर. इथे त्यांना कुणी मारत नाही, कारण ते देवीचे आहेत. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच देवाचे मासे आहेत. कर्नाटकात शिशिला आणि शृंगेरी इथल्या देवळांच्या घाटांवर तर त्यांची दाटी असते.

श्रद्धा बाजूला ठेवून फक्त विज्ञान बघितलं तरी ही व्यवस्था हुशारीची आहे. एप्रिल-मेमध्ये नदी आटते, तेव्हा मासे खोल डोहांत गोळा होतात. तो डोह टिकला तर जूनमध्ये तिथूनच सगळी नदी पुन्हा भरते. म्हणजे ज्या ठिकाणी मासे सर्वांत असहाय असतात, नेमकं तेच ठिकाण गावाने ‘इथे हात लावायचा नाही’ म्हणून राखलं. कुणी अधिसूचना काढली नाही, कुणी पाटी लावली नाही.

पण देवसुद्धा सगळं सांभाळू शकत नाही. १९९६ मध्ये शिशिल्याच्या डोहात कुणी तरी विष टाकलं आणि हजारो मासे मेले. गावाने त्यांचं स्मारक उभारलं. आणि दुसरा धोका जास्त शांत आहे. डोह राखला, पण वर पाणी अडवलं आणि खाली वाट तोडली, तर तो डोह आसरा न राहता पिंजरा होतो. मासे जिवंत राहतात, नदी राहत नाही.

वाट कशी मोकळी करायची?

एक टोक अमेरिकेत आहे. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉन या राज्यांतून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणं २०२४ पर्यंत पाडण्यात आली. नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातींनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला होता. काम संपून काही आठवडे होतात न होतात तोच, ऑक्टोबरमध्ये, सॅमन मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर पोहोचले. शंभरहून अधिक वर्षं त्या वाटेने कुणी गेलं नव्हतं. वाट मोकळी झाल्यावर मासे पोहोचले, त्यांना आणून सोडावं लागलं नाही.

आपण उद्या कोयना किंवा खडकवासला पाडणार नाही, हे उघड आहे. क्लॅमथची धरणं जुनी होती, त्यांच्या विजेपेक्षा दुरुस्तीचा खर्च जड झाला होता. आपली धरणं पाणी पाजतात. पण धरण पाडणं आणि काहीच न करणं, यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

पहिली गोष्ट, नदीचा वाटा. शेती, उद्योग, शहर यांचे कोटे ठरतात. नदीत वाहण्यासाठी म्हणूनही पाणी राखून ठेवता येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी असा नियम केला. हिवाळ्यात सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत वाहतं ठेवायचं. आकडा पुरेसा आहे का यावर वाद होऊ शकतो, पण नदीला वाटेकरी मानलं हे महत्त्वाचं. आणि नुसतं किती पाणी नाही, कधी सोडायचं हेही तितकंच मोलाचं. जूनमध्ये एक छोटा पूर सोडला, तर माशाला त्याची हाक ऐकू येते.

दुसरी गोष्ट, छोटे बंधारे. आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बघा. पावसाळा संपला की त्यांना बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. मूळ कल्पनेतच नदीला चार महिने सुट्टी आहे. बरगे वेळेवर काढले तर पाण्याबरोबर माशांचीही वाट उघडते. काढायला उशीर झाला, फळ्या अडकून राहिल्या, कचरा साचला तर चढण चुकते. इथे कोटींचा प्रकल्प लागत नाही, तारीख पाळावी लागते.

तिसरी गोष्ट, माशांसाठी शिडी. धरणाच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा मार्ग. परदेशात त्या प्रामुख्याने उड्या मारणाऱ्या सॅमनसाठी बांधल्या गेल्या. आपल्याकडे खडकाला चिकटून सरकणारा मळ्या आणि तळाशी राहणारी शिंगटी यांना काय जमतं, ते पाहूनच तशी रचना करावी लागेल. नकाशा आणून चिकटवला तर पुन्हा कावेरीचीच चूक होईल.

चौथी गोष्ट, ज्या उपनद्यांवर अजून मोठी भिंत नाही, त्या तशाच ठेवणं. सगळ्यात स्वस्त संवर्धन हेच.

आणि तुम्ही?

‘आम्ही काय करणार, आम्हाला सबमिशन आहेत’ असं म्हणाल, माहीत आहे. तरी बघा.

पुढच्या वेळी गावी गेलात की आठवडी बाजारात नदीचे मासे घेऊन बसलेल्या मावशींना प्रत्येकाचं नाव विचारा आणि लिहून घ्या. भोई, कोळी, कातकरी समाजातल्या जुन्या माणसांकडे असलेलं ज्ञान कुठल्याच पुस्तकात पूर्ण आलेलं नाही. ‘हा मासा आधी मिळायचा, आता नाही’ असं ते सांगतील, तेही लिहा. कुठली नदी, कुठलं वर्ष, हे विचारायला विसरू नका. फोटो काढून जीवविविधतेच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर टाका. तुमची एक नोंद उद्याच्या संशोधकाला साइक्सच्या वहीइतकी उपयोगी पडू शकते.

झूलॉजीवाल्यांनो, तुमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात फॉर्मेलिनच्या धुळकट बाटल्या असतील. त्यांच्यावरची लेबलं वाचा. तारीख आणि ठिकाण असेल तर त्याच ठिकाणी आज काय मिळतं, हा सुंदर प्रोजेक्ट आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनो, मळ्याला चढता येईल अशी शिडी हा तुमच्या फायनल इयरचा विषय होऊ शकतो.

फिशटँकचा कंटाळा आला म्हणून त्यातले मासे नदीत सोडून येऊ नका. ते दया वाटते तसं नसतं, तो नवा चिलापी ठरू शकतो. आणि तुमच्या ओढ्यात कुणी सुरुंग लावत असेल किंवा विष टाकत असेल, तर ते १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हे ठणकावून सांगा.

चढणीच्या माशांचं काय? खाऊच नका असं सांगणारा मी कोण. टोपलीभर मासे घरी नेणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती आणि मासेही होते. पण समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतो, ती माशांच्या विणीसाठीच ना? मग ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणून एकही वर जाऊ द्यायचा नाही, हे कशात बसतं? अर्धा ओढा मोकळा सोडा. पोटात गाबोळी दिसली तर तिला जाऊ द्या.

येत्या जूनमध्ये तो व्हिडिओ पुन्हा येईल. बॅटरीचा उजेड, गढूळ पाणी, उड्या. तेव्हा कमेंटमध्ये रश्श्याच्या आधी एवढंच विचारा, ‘यातला हा कोणता रे?’ बघा, कुणाची आजी नाव सांगते का.